ठकपंथाची दीक्षा

आपल्या सुशिक्षित मंडळींस एखाद्या नव्या गोष्टीचा निषेध करावयाचा असला, म्हणजे ती गोष्ट काय आहे हें समजून घेण्याची त्यांस फारशी गरज भासत नाहीं. तिचें नांव कानांवर आलें, एवढें निषेधास पुरतें. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं तर हा व्यवहार अधिकच सुलभपणें चालतो. कारण येथें कोणाचा मुलगा काय करतो हें सर्वांस ठाऊक असतें, आणि कां करतो हें विचारण्यास कोणास सवड नसते. हल्लीं पालकवर्गांत असा एक बोभाटा ऐकूं येतो, कीं कॉलेजांत जाणारीं मुलें एक चिनी खेळ खेळतात, त्यांत लढवय्यांचे निरनिराळे पंथ असतात, आणि हीं चांगल्या घरचीं मुलें इतर सारे पंथ सोडून नेमकी ठकांच्या पंथाची दीक्षा घेतात! एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “सर, ज्या पोरानें शाळेंत दहा वर्षें पसायदान म्हटलें, तो आतां ठकांत जाऊन मिळतो, ह्याला काय म्हणावें?” आमचें उत्तर असें, कीं ह्यास शिक्षण म्हणावें; आणि तें आपण त्या पोरास दिलें नाहीं, म्हणून त्यानें तें चिन्यांकडून घेतलें. हें उत्तर त्या गृहस्थांस रुचलें नाहीं. इतर पुष्कळांसही तें रुचणार नाहीं हें जाणूनच तें येथें सविस्तर मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या खेळाची हकीकत सांगितली पाहिजे. ‘व्हेअर विंड्स मीट’ ह्या नांवाचा हा व्हिडिओ गेम ‘एव्हरस्टोन’ ह्या चिनी मंडळीनें रचला, आणि ‘नेटईज’ ह्या कंपनीनें तो २०२४ च्या अखेरीस चीनमध्यें व १४ नोव्हेंबर २०२५ रोजीं इतर देशांत प्रसिद्ध केला. त्यांतील काळ दहाव्या शतकांतला, म्हणजे चीनमध्यें एकामागून एक पांच अल्पायुषी राजघराणीं होऊन गेलीं आणि सुंग राजवटीचा उदय झाला, त्या धामधुमीचा आहे. आपल्याकडे त्याच शतकांत राष्ट्रकूटांचें राज्य मावळलें. खेळणारा मनुष्य ह्या जगांत एक फिरस्ता योद्धा होतो. तलवार व भाला ह्यांबरोबरच पंखा आणि छत्री हींही शस्त्रें म्हणून चालवावयास शिकतो. आणि इच्छा असल्यास एखाद्या पंथांत सामील होतो. प्रत्येक पंथाची विद्या निराळी आणि नियम निराळे. त्यांतील ‘नाइन मॉर्टल वेज’ हा पंथ वेषांतर, हूल आणि बनवाबनवी ह्यांवर जगणाऱ्या लोकांचा आहे. ‘नऊ प्रवाह’ हा चिनी भाषेंतला जुना शब्दप्रयोग हलक्या समजल्या गेलेल्या धंद्यांच्या लोकांसही लावला जातो. त्याच कुळांतलें हें नांव. सारांश, ज्यास आपले पालक ठकांची टोळी म्हणतात, ती राजाश्रय नसलेल्या, जमीन नसलेल्या, केवळ बुद्धीवर पोट भरणाऱ्या लोकांची बिरादरी होय. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अशा बिरादऱ्या चिनी कथावाङ्मयांत नव्या नाहींत. हाँगकाँगचे कादंबरीकार जिन योंग (१९२४–२०१८) ह्यांनीं १९५५ पासून ज्या योद्ध्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत भिकाऱ्यांचा एक बलाढ्य पंथ आहे. त्याचा प्रमुख खादाड व फाटक्या वेषाचा असूनही थोर वीर आहे. आणि त्याच्यामागून त्या पंथाचें प्रमुखपद कोणा सरळमार्गी योद्ध्याकडे न जातां एका विलक्षण चतुर व खोडकर मुलीकडे जातें. चिनी वाचकांच्या पिढ्या ह्या मुलीवर प्रेम करीत वाढल्या. त्यांच्यांतला शौर्याचा आदर त्यामुळें कमी झाला नाहीं.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. आक्षेप असा, कीं अशा खेळानें मुलास फसविण्याची गोडी लागते. आम्ही विचारतों, ही गोडी आपणांस कधीं लागली नव्हती काय? १९६२ सालीं आचार्य अत्रे ह्यांचें ‘तो मी नव्हेच’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याचा नायक लखोबा लोखंडे हा नांव बदलून, वेष बदलून, भल्या घरच्या मुलींशीं लग्नें लावून त्यांच्या आप्तांस बुडविणारा अट्टल भामटा. प्रभाकर पणशीकर ह्यांनीं त्या एका माणसाचीं पांच रूपें फिरत्या रंगमंचावर उभीं केलीं, आणि मराठी मध्यमवर्गानें पदरचे पैसे मोडून, पोराबाळांसह, तीं वर्षानुवर्षें पाहिलीं. लखोबा कोर्टांत साक्षीदारांची दाणादाण उडवूं लागला, कीं टाळ्या कोण वाजवीत असे? हेंच पालक, आणि त्यांचे आईबाप. त्या नाटकानें कोणाचा जांवई भामटा झाला असें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट मुलीचें स्थळ पाहतांना चार ठिकाणीं चौकशी करावी, हें शहाणपण मात्र पुष्कळ बापांनीं नाट्यगृहांतून घरीं आणलें असेल. आम्ही इंग्रजी शिकविणारे लोक शेक्सपिअरचा इयागो वर्गांत घेतों. ऑथेल्लोचा घात त्यानें कोणत्या पायऱ्यांनीं केला हें मुलांकडून लिहून घेतों, आणि जो तें बारकाईनें लिहील त्यास अधिक गुण देतों. परीक्षेंत इयागो समजला तर मुलगा हुशार, आणि खेळांत समजला तर बिघडला, हा न्याय कोठला?

ह्यावर प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें आहे. नाटक आपण पाहतों, पुस्तक आपण वाचतों. खेळांत मात्र मुलगा स्वतः ठकवितो, आणि जें हातून वारंवार घडतें त्याची संवय जडते. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचें उत्तर घरांतल्या उदाहरणानेंच देऊं. मे महिन्याच्या सुटींत घराघरांतून पत्त्यांचा ‘चॅलेंज’ नांवाचा डाव रंगतो. त्यांत पत्ते पालथे टाकावयाचे, हातांत एकच राणी असतां “तीन राण्या” असें ठासून सांगावयाचें, आणि समोरच्यानें तें खोटें ओळखावयाचें. ज्या आजीबाई भाजीवाल्याचा एक रुपयाही चुकून राहिला तर परत नेऊन देतात, त्याच ह्या डावांत निर्विकार चेहऱ्यानें सर्वांत मोठी थाप मारतात, आणि नातवंडें त्यांच्या कर्तृत्वावर खूष होतात. हें खोटें बोलणें केवळ पाहिलेलें नाहीं, केलेलें आहे. वर्षानुवर्षें केलेलें आहे. त्यायोगें त्या माउलीची नीति कोठें ढळली तें प्रतिपक्षानें दाखवावें.

आखाड्याचा दाखला तर ह्याहूनही जवळचा आहे, कारण मूळ खेळच मल्लविद्येचा आहे. आमच्या जिल्ह्यांतील जत्रांत रेवड्यांच्या कुस्त्यांपासून जे फड रंगतात, ते ज्यानें डोळे उघडे ठेवून पाहिले असतील, त्यास हें सांगावयास नको कीं कुस्ती ही अर्धी बळाची आणि अर्धी हुलीची विद्या आहे. चलाख पैलवान प्रतिस्पर्ध्याची मान खालीं दाबल्याचा आव आणतो. तो ती सोडविण्यासाठीं ताठ होतो. आणि ज्या क्षणीं तो ताठ झाला, त्याच क्षणीं पहिल्याचे हात त्याच्या पायांना पडून पट निघालेला असतो. ढाक असो, घिस्सा असो, कीं धोबीपछाड असो, तो आधीं कळला तर फुकट गेला. वस्ताद पठ्ठ्यास जें शिकवितो, तें मनांत एक ठेवून अंगानें दुसरें दाखविण्याचेंच शिक्षण होय. परंतु तोच पठ्ठा प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत हौद्याची माती फेकील, तर पंच त्यास बाहेर काढतात आणि वस्ताद त्याचें तोंड पाहत नाहीं. हूल आणि लबाडी ह्यांमधील रेषा कोठें आहे, हें त्या अशिक्षित वस्तादास जितकें स्वच्छ कळतें, तितकें आमच्या पदवीधर पालकांस कळत नाहीं, हेंच खरें दुःख आहे.

ती रेषा अशी. खेळांत हूल आहे हें दोन्ही पक्षांस आधींपासून ठाऊक असतें. उठून जाण्याची दोघांसही मोकळीक असते. आणि खेळांतलें नुकसान खेळाबरोबरच संपतें. ह्या मर्यादेंत जें घडतें तें सोंग. ह्या मर्यादेबाहेर जें घडतें ती लबाडी. जो मुलगा पंथाच्या नांवाखालीं आपल्या खऱ्या मित्राचा पासवर्ड लांबवितो, किंवा त्याचे खरे पैसे बुडवितो, तो ठकपंथाचा शिष्य नव्हे. तो चोर होय. त्याचा कान धरावा. आमची त्यास आडकाठी नाहीं. परंतु ज्यानें कधीं सोंग घेतलेंच नाहीं, त्यास ही रेषा ओलांडल्याचें कळावें तरी कसें?

फसवणूक ठाऊक नसणें म्हणजे सज्जनपणा, ही समजूत आपल्यांत कोठून आली कोण जाणे. महाभारतांतून तर ती खास आलेली नाहीं. धर्मराज द्यूताच्या सभेंत बसला तेव्हां त्याच्या सज्जनपणांत कांहीं उणें नव्हतें. उणी होती ती फाशांची विद्या. त्या अज्ञानाची किंमत भावांनीं दिली आणि द्रौपदीनें दिली. पुढें वनवासांत बृहदश्व ऋषि भेटला. त्यानें नळाची कथा सांगितली आणि धर्मराजास अक्षविद्या शिकविली. ऋषीनें त्यास फासे कधीं हातांत धरूं नकोस असा उपदेश केला नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मग तोच धर्मराज विराटाच्या घरीं कंक नांवानें, फासे टाकणारा सोबती बनून, वर्षभर राहिला. आणि भीम बल्लव आचारी होऊन, जीमूत मल्लास त्याच वेषांत लोळविता झाला. शौर्य आणि सोंग ह्यांचा असा संगम ज्यांच्या राष्ट्रीय ग्रंथांत आहे, त्यांनीं चिनी खेळांतील वेषांतरास नाक मुरडावें ही मौज आहे. शिवचरित्राविषयीं तर आम्हांस अधिक लिहावयास नको. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत महाराजांचें सोंग घेऊन शिवा काशीद मरणास सामोरा गेला. त्याचें स्मरण करतांना ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनीं वेष पालटण्याची विद्या नीच कशी, हें एकदां समजावून द्यावें.

कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला. आजच्या परभणींत ह्या विद्येचें काय काम? काम आहे, आणि तें आमच्याच वर्गाशीं आहे. अलीकडे ‘डिजिटल अरेस्ट’ नांवाची एक नवी ठगी देशभर चालते. फोनवर पोलिसी गणवेषांतला मनुष्य दिसतो, त्याच्यामागें ठाण्याचा देखावा मांडलेला असतो, आणि तो धमकावितो कीं तुमच्या नांवें गुन्हा नोंदला आहे, खोलीबाहेर पडूं नका, कोणाशीं बोलूं नका. ह्याविषयीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्यें लोकांस सावध करावें लागलें, फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यांत नाहीं, हें सांगावें लागलें. ह्या जाळ्यांत सांपडणारांत सेवानिवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. ज्यांनीं जन्मभर सरकारी कागदावर विश्वास ठेवला आणि कोणाच्या सोंगाकडे कधीं बारकाईनें पाहिलें नाहीं, त्यांचीच आयुष्याची पुंजी अशी जाते. आमचा प्रश्न असा आहे: त्या पडद्यावरील गणवेषाकडे पाहून “ह्या देखाव्याचा कोपरा खोटा दिसतो” असें प्रथम कोण म्हणेल? गणवेष पाहतांच उभा राहणारा बाप, कीं सोंगें रचण्याच्या खेळांत मुरलेला त्याचा मुलगा?

ह्याचा अर्थ असा नव्हे, कीं ह्या खेळांत निषेध करण्यासारखें कांहींच नाहीं. आहे, परंतु तें ठकपंथांत नाहीं, दुकानांत आहे. खेळ फुकट मिळतो; त्यांतील उंची पोशाख व अलंकार ह्यांस मात्र पैसे पडतात, आणि तेही सरळ विक्रीनें नव्हे, तर सोडतीच्या चिठ्ठीसारख्या नशिबाच्या खेळानें. एकदां पैसे टाकून हवें तें मिळेलच असें नाहीं. म्हणून पुन्हां टाकावयाचे. पडद्यावरचा ठक आपण ठक आहों असें सांगून ठकवितो. हा दुकानदार मात्र आपण मित्र आहों असें सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला, आणि त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्स ह्या प्रकारास मान्यता दिली, हें योग्यच झालें. परंतु चित्रांतल्या अंगरख्यासाठीं मुलाच्या खिशांतून किती पैसे जातात हें पाहण्यास कोणी सरकारी अधिकारी घरीं येणार नाहीं. तें काम बापाचें आहे. नवल असें, कीं जे बाप पंथाच्या नांवावर तासभर व्याख्यान देतात, ते ह्या हिशेबाविषयीं एक प्रश्नही विचारीत नाहींत.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी उचलली तिच्याकडे येतों. ठक हा शब्द आपल्या वर्गाच्या तोंडीं इतका सहज कां येतो, ह्याचा विचार कोणी केला आहे काय? खेळांत मुलगा स्वेच्छेनें ठक होतो आणि संगणक बंद करतांच साव होतो. आपल्या देशांत मात्र लक्षावधि लोकांस जन्मतःच ठक ठरविण्यांत आलें होतें. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातींत जन्मला म्हणून मनुष्य गुन्हेगार, असें त्या कायद्याचें सूत्र होतें. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालीं तो रद्द झाला; म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. कायदा गेला, आपल्या मनांतली यादी राहिली. शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील लक्ष्मण गायकवाड ह्यांनीं १९८७ सालीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें, तें ‘उचल्या’ ह्याच नांवानें. ज्या शब्दानें समाजानें त्यांच्या जमातीस डागलें, तोच त्यांनीं पुस्तकाच्या कपाळीं लिहिला. दुसऱ्याच वर्षीं साहित्य अकादमीनें त्यास पारितोषिक दिलें, आणि आपण तें पुस्तक कपाटांत ठेवून दिलें.

ह्या मनांतल्या यादीचा परिणाम काय होतो? १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें पांच माणसें जमावानें ठेंचून मारलीं. तीं मंगळवेढ्याकडचीं, नाथपंथी डवरी गोसावी जमातीचीं, भिक्षा मागत फिरणारीं माणसें होतीं. मुलें पळविणारे लोक आले आहेत, अशी अफवा फोनांतून पसरली होती. अनोळखी वेष दिसला, आणि तेवढा पुरावा पुरला. त्या दिवशीं खरा ठक कोणी असेल तर ती अफवा होती. तिच्या तोंडावरचें सोंग त्या जमावांतल्या एकासही ओळखतां आलें नाहीं. आणि ज्यांच्या अंगावर दारोदार फिरणाऱ्यांचा वंशपरंपरागत वेष होता, त्यांस मात्र सर्वांनीं चोर म्हणून ओळखलें!

आमच्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईची कथा ह्यापेक्षां निराळें काय सांगते? देवाचें पदक तिच्या खोपटांत सांपडलें, म्हणून प्रतिष्ठितांनीं तिला चोर ठरवून सुळाकडे चालविली. सुळाचें पाणी झालें म्हणून ती वांचली, असें भाविक सांगतात. तें पदक विसरून, तिची वाकळ पांघरून, सोंगें घेत फिरणारा कोण होता हें सर्वांस ठाऊक आहे. दासी म्हटली कीं चोर, फिरस्ता म्हटला कीं ठक, हा निवाडा करण्याची घाई तेव्हांही गांवास होती. राईनपाड्यास सुळाचें पाणी झालें नाहीं, इतकाच फरक.

म्हणून आम्ही म्हणतों, कीं जो मुलगा कांहीं दिवस खेळांत कां होईना, राजाचा सरदार होण्याचें सोडून ह्या बेघर, बेजमीन, बुद्धीवर जगणाऱ्या बिरादरींत जाऊन बसतो, त्यानें निदान एक गोष्ट केली: त्यानें जग त्या बाजूनें पाहिलें. दारोदार हिंडणारा मनुष्य गांवांत शिरतांना कोणाच्या नजरा चुकवितो, कोणत्या घरीं हांक घालतो, आणि कां, हें त्यास थोडें तरी कळलें. आमच्या वाचनालयांतील मंडळींस तें चाळीस वर्षें वर्तमानपत्र वाचूनही कळलेलें नाहीं.

मुलांनीं त्यासाठीं चीनपर्यंत जावें काय, असें कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला. त्याची नायिका जत्रेंत कसरतीचे खेळ करणारी एक पोरकी मुलगी आहे, आणि तीच असुरांशीं लढते. म्हणजे हें कार्य आपल्याकडे होत नाहीं असें नाहीं. मग बहुरूप्यांचा पंथ, नजरबाजांचा पंथ, कोल्हाट्यांचा पंथ, तालमीच्या वस्तादांचा पंथ, असे मराठी मातींतले पंथ घेऊन एखादा खेळ कां रचूं नये? बहुरूप्यांची तर जमातच आपल्याकडे आहे. शासनानें ती भटक्या जमातींच्या यादींत लिहून ठेवली आहे. तिची कला मात्र कोणीं कोठें लिहून ठेवली नाहीं. पोलिसाचें सोंग घेऊन दारीं येणारा, खोटी चिठ्ठी फाडून दंड मागणारा, आणि शेवटीं हंसून हात पसरणारा बहुरूपी हा सोंग आणि लबाडी ह्यांतला भेद प्रत्येक घरास फुकट शिकवून जात असे. आपण त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतलें, आणि तोच गणवेष फोनांतून आंत येतांच बँकेचें पुस्तक उघडून दिलें!

तेव्हां ठकपंथाची दीक्षा घेतलेल्या मुलांवर रागावण्याचे श्रम पालकांनीं घेऊं नयेत. त्यांनीं मुलाजवळ बसून त्या पंथाचे नियम काय आहेत तें समजून घ्यावें, सोडतीच्या चिठ्ठ्यांवर किती पैसे गेले तें विचारावें, आणि पुढच्या खेपेस बहुरूपी दारीं आला तर त्यास हांकून न देतां त्याचें सोंग शेवटपर्यंत पाहून त्याच्या हातावर पैसे ठेवावे. ती शिकवणीची फी समजावी; ज्यांनीं ती दिली नाहीं, त्यांच्याकडून ती दुसरे लोक वसूल करीत आहेत.